दातात धरलेला डिसमिस

माझा धंदा काय, असं कुणी विचारलं की माझी बायको परस्पर सांगून टाकते, ‘हे डोकी घासतात.’ ऐकणारा मला न्हावी समजतो. बायकोचं तसं काही चुकत नाही. मोटारसायकल घ्या, जीप घ्या, तिच्या इंजिनावर एक जाड झाकण असतं, त्याला आम्ही हेड म्हणतो. ते तापून वाकडं झालं की मशीनवर घासून सपाट करायचं, व्हॉल्व्हची बैठक कापून द्यायची, सिलिंडरला बोअर मारायचा, हे काम मी संभाजीनगरात जुन्या मोंढ्याजवळच्या गल्लीत हयातभर केलं. आता मशीन मुलगा चालवतो आणि मी खुर्चीवर बसून त्याच्या चुका काढतो.

इतकी हेडं उघडल्यावर माणसाला धक्का बसायचं बंद होतं. एअर फिल्टरमध्ये उंदराची बाळं सापडलेली आहेत. ऑइलच्या जागी गोडंतेल ओतून ‘घरचंच हाय’ असं वर सांगणारं गिऱ्हाईक पाहिलंय. त्यामुळं आता आपण कशानंच हादरणार नाही, अशी माझी खात्री झाली होती. ती मोडली एका दुपारी, भर रस्त्यात, इंजिन उघडायच्याही आधी. तेव्हापासून मी कुठल्याच गोष्टीची खात्री देत नाही.

त्यासाठी आधी कॅमशाफ्ट म्हणजे काय ते सांगायला हवं. इंजिन श्वास घेतं. पिस्टन खाली जाताना हवा-पेट्रोल आत ओढतो, वर येताना ते दाबतो, मग ठिणगी पडून भडका होतो आणि जळका धूर बाहेर जातो. हवा आत यायचं दार आणि धूर बाहेर जायचं दार म्हणजे व्हॉल्व्ह. ही दारं कधी उघडायची, किती उघडायची आणि कधी लावायची, हे कॅमशाफ्ट ठरवतो. एक दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे, बस. कंपनीचा कॅम संसारी माणसाचा विचार करून घडवलेला असतो. शर्यतीचा कॅम ती दारं जास्त उघडतो आणि जास्त वेळ उघडी ठेवतो, म्हणजे इंजिन जोरात पळताना छाती भरून श्वास घेतं.

पण त्याची किंमत दुसरीकडं मोजावी लागते. हवेचं दार उशिरा बंद होतं, म्हणजे पिस्टन वर यायला लागला तरी ते उघडंच असतं. इंजिन जोरात असेल तर आत शिरणारी हवा आपल्याच वेगानं शिरत राहते. सावकाश असेल तर पिस्टन तीच हवा आल्या वाटेनं परत बाहेर ढकलतो, आणि दाबायला कमी उरतं. या दाबाला पुस्तकात कॉम्प्रेशन म्हणतात, आमच्या गल्लीत ‘दम’ म्हणतात. शर्यतीचा कॅम बसवून दमाचं मीटर लावा आणि किक मारा, काटा खाली आलेला दिसतो. इंजिनात बिघाड काहीच नसतो, तरी नवशिका मेकॅनिक घाबरून पिस्टनच्या रिंगा बदलायला घेतो.

फर्दापूरच्या एका जीपवाल्यानं मोबाइलवर बघून असाच कॅम आपल्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये बसवून घेतला होता. अजिंठ्याच्या पर्यटकांची ने-आण करणारी गाडी, सदा भरलेली, सदा दुसऱ्या गिअरवर. तिला सुसाट पळायची वेळ कधी येणार? सावकाश चालताना दम नाही, म्हणून साध्या चढावर पर्यटकांना उतरून ढकलायची पाळी आली. ‘भाऊ, लई पावरचा टाकला अन् गाडीचा पार बैल झाला,’ असं मला सांगताना त्याला खरोखर रडू येत होतं. मी जुना कॅम परत बसवायला सांगितलं. तो जुना कॅम त्यानं भंगारात विकला होता.

तर, कॅम नुसता बसवून भागत नाही. दम, ठिणगीची वेळ आणि पेट्रोलचं प्रमाण त्याच्याशी नव्यानं जुळवावं लागतं. याला ट्यूनिंग म्हणतात, आणि आमच्या गल्लीत ट्यूनिंग म्हणजे हमीदभाई. माझ्या समोरचं गॅरेज त्याचं. आमच्या दोघांची शटरं समोरासमोर उघडली आणि दोघांचे केसही समोरासमोरच पिकले.

मेकॅनिक इंजिनाच्या आतलं ऐकतो ते लांब डिसमिसनं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरनं. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आतला व्हॉल्व्ह दाबणारा टॅपेट ढिला आहे का बेअरिंग गेलंय ते कळतं. डॉक्टरची नळी तशी आमची ही. हमीदभाईची तऱ्हा वेगळी होती. तो डिसमिसची मूठ कानाला न लावता दातात धरायचा, डोळे मिटायचा आणि मग एखादा स्क्रू कणभर फिरवायचा. गाडी अशी काही चालायला लागायची की गिऱ्हाईक गप्प व्हायचं. साहजिकच गल्लीतल्या सगळ्यांनी ती तऱ्हा उचलली. कान चांगले शाबूत असलेली माणसं डिसमिस चावत बसायला लागली. त्याच्या हाताखाली शिकून गेलेल्यांनी गावोगाव गॅरेजं टाकली, तिथंही हेच. आमच्याकडं डिसमिसच्या मुठीवर दातांचे वळ नसले तर तो मेकॅनिक कच्चा समजला जायचा.

एवढ्यात मात्र हमीदभाईचा स्वभाव बिघडला होता. ‘चहा घेणार का’ विचारलं तरी खेकसून उत्तर द्यायचा. समोरून कुणी सलाम केला तर बघायचाही नाही. गिऱ्हाईकाला गाडीचा बिघाड असा ओरडून सांगायचा, की बिचाऱ्याला वाटावं आपणच काही गुन्हा केलाय. कामाचा गर्व चढला, असं गल्ली म्हणायची. त्याचं गिऱ्हाईक हळूहळू पांगलं. संजीवनी मात्र टिकून राहिली.

संजीवनी देवगाव रंगारीची. घरी मका आणि आल्याची शेती, ती स्वतः वाळूजच्या एका कारखान्यात तपासणीच्या लाइनवर कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकलच्या शर्यती. पहिल्यांदा ती हेल्मेट काढून माझ्या दुकानात शिरली तेव्हा मी विचारलं, ‘गाडी कुणाची, भावाची?’ तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी मुकाट्यानं हेड हातात घेतलं. पुण्याच्या कुणा स्पर्धकाकडून तिनं शर्यतीचा वापरलेला कॅम मिळवला होता. आपल्याच जिल्ह्यात एक शर्यत व्हायची होती. त्यात पहिल्या तिघांत आलं, तर पुण्याच्या एका टीममध्ये चाचणीला बोलावणार होते. तिला एवढंच हवं होतं, पण ते फार मनापासून हवं होतं.

हमीदभाईनं कॅम बसवला, मीटर लावलं, दम उतरलेला दिसला. तो घाबरला नाही, कारण त्याला कारण माहीत होतं. हेड माझ्याकडं पाठवलं आणि रस्त्याच्या पलीकडून ओरडला, ‘दिगू, थोडा घास दे इसको.’ हेड घासून कमी केलं की वरची जागा लहान होते, हवा जास्त दाबली जाते आणि गेलेला दम परत येतो. यात एक मेख आहे. नवा कॅम व्हॉल्व्हला जास्त खाली उतरवतो, आणि घासल्यानं तो पिस्टनच्या आणखी जवळ येतो. दोघांची टक्कर झाली की इंजिन संपलं. म्हणून मी पिस्टनवर पोरांच्या खेळण्यातली चिकणमाती थापली, हेड बसवून इंजिन हातानं फिरवलं, परत उघडलं आणि व्हॉल्व्हचे ठसे त्या मातीत किती खोल गेलेत ते पाहिलं. जागा पुरेशी होती. मग घासलं.

माझं काम तिथं संपलं आणि हमीदभाईचं सुरू झालं. कारण खरा धोका पुढं असतो. सावकाश चालताना दम कमी म्हणून आपण हेड घासतो. पण इंजिन पळायला लागलं की तोच कॅम छाती भरून हवा घेतो, आणि ती आता पहिल्यापेक्षा जास्त दाबली जाते. त्यात ठिणगी लवकर पडली किंवा पेट्रोल कमी पडलं, तर कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. त्याला नॉकिंग म्हणतात. आवाज अगदी बारीक, पत्र्याच्या डब्यात ज्वारी हलवल्यासारखा. तो उभ्या गाडीत येत नाही, चढाला, भरपूर रेस दिल्यावर येतो. तो ऐकू येऊनही कुणी तसंच दामटलं, तर पिस्टन वितळून त्याला भोक पडतं, इंजिन जाम होतं आणि मागचं चाक जागच्या जागी आवळतं. शर्यतीच्या वेगात असं झालं तर गाडीवरच्या माणसाचं काय होतं, ते मी सांगायला नको.

त्या दुपारी आम्ही दोघं मोंढा नाक्याच्या उड्डाणपुलाच्या पायथ्याशी उभे होतो. संजीवनी पुलाच्या चढावर गाडी रेटून दाखवणार होती. ती आमच्या शेजारून गेली, रेस उघडली, आणि मला आवाज आला. बारीक, खणखणीत, पत्र्यातली ज्वारी. मी हमीदभाईकडं पाहिलं. तो डोळे मिटून हसत होता.

‘सुना? एकदम साफ,’ तो म्हणाला. ‘मक्खन.’

मला वाटलं थट्टा करतोय. हमीदभाई कामात थट्टा करत नाही, हे माहीत असूनही वाटलं.

‘हमीदभाई, नॉक करतीये गाडी.’

‘क्या?’

‘नॉक. नॉक करतीये.’

‘हौ, हौ,’ तो मान डोलावत म्हणाला, ‘लॉक लगाकेच रखती वो. समझदार है पोरगी.’

मी तिथंच गार पडलो. रस्त्यावर रिक्षा होत्या, बस होती, हॉर्न होते, म्हणून चुकून ऐकलं असेल अशी मी मनाची समजूत घातली. संजीवनी वळून परत आली, पुन्हा चढाला लागली, पुन्हा तोच आवाज. या वेळी पानटपरीवाल्यानंसुद्धा मान वर करून पाहिलं. ज्याच्या कानावर आख्खा मराठवाडा गाड्या सोपवून निर्धास्त झोपत होता, त्या माणसाला ते ऐकू येत नव्हतं. मी रस्त्यात जाऊन दोन्ही हात आडवे केले आणि तिला थांबवलं.

‘गाडी बंद कर. ढकलत दुकानात घे. हेड उघडायचंय.’

यावर हमीदभाई जो भडकला, त्याचं वर्णन दिवाळी अंकात करता येणार नाही. त्याची गाडी, त्यानं ट्यून केलेली, आणि मी हेडवाला ती उघडणार. ‘मेरा इंजिन खोलता तू? कान में रूई डालके बैठा क्या?’ असं तो आख्ख्या नाक्याला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडला. मी गाडी दुकानाकडं ढकलायला हात लावला. मला त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

हेड मी स्वतः उघडलं. मुलाला हात लावू दिला नाही. ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या टोकावर अॅल्युमिनियमचे बारीक चमकणारे कण होते, आणि पिस्टनची एका बाजूची कड उंदरानं भाकरी कुरतडावी तशी खाल्ली गेली होती. अजून भोक पडलं नव्हतं. ते शर्यतीत पडलं असतं, लांब सरळ पट्ट्यावर, पुरती रेस दिल्यावर.

संजीवनी वाकून बघत राहिली.

‘तुला आवाज येत नव्हता का गं?’ मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

‘येत व्हता की काका. पहिल्या दिवसापासून येत व्हता.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘उस्ताद म्हणले साफ हाय,’ ती म्हणाली. ‘मला वाटलं, माझेच कान वाजायलेत.’

हे ऐकून मला पुलाखालच्यापेक्षा मोठा धक्का बसला. एका माणसाला ऐकू येत नव्हतं, हे एक झालं. पण जिचा जीव त्या इंजिनावर होता तिला ऐकू येत होतं, आणि तिनं आपले कान खोटे ठरवले. आम्ही उस्तादाला इतकं मोठं करून ठेवलं होतं की त्याच्यापुढं पोरीला स्वतःच्या कानांची साक्ष काढायची सोय राहिली नव्हती.

मी पिस्टन काढला, पुसला आणि हमीदभाईच्या तळहातावर ठेवला. तो अजून बडबडत होता. बोलता बोलता त्यानं अंगठ्याचं नख पिस्टनच्या कडेवरून फिरवलं आणि मधेच थांबला. परत फिरवलं. मग माझ्या लाकडी बाकावर बसला. बऱ्याच दिवसांनी तो हळू बोलला, इतका हळू की मला वाकावं लागलं.

‘दिगू, ये मेरे को सुनाईच नहीं दिया.’

मी मुलाला मशीन बंद करायची खूण केली.

‘पहिल्यांदा पाखरं गेली,’ तो म्हणाला. ‘मग मोबाइलची घंटी. मग एक दिन टॅपेट का आवाज गया. पेचकस कान को लगाया, तर कुछ नहीं. मी घाबरलो. तसाच दातात धरला, तो समझ में आया. दात में थरथर लगती ना. तवापासून दातानंच ऐकतो. उभ्या गाडीचं सगळं कळतं. चलती गाडी में दात कहाँ लगाऊँ?’

माझ्या डोळ्यांपुढून आख्खी गल्ली सरकून गेली. डिसमिस चावत बसलेली ती सगळी माणसं, डोळे मिटून, उस्तादाची विद्या गिरवणारी. विद्या कसली, माणूस बहिरा होत होता. आम्ही त्याचा बहिरेपणा शिकत होतो आणि एकमेकांना शिकवत होतो. मला हसू आलं आणि त्या हसण्याची लाजही वाटली. आजही डिसमिसच्या मुठीवर दातांचे वळ दिसले की मला तसंच होतं.

‘मग सांगितलं का नाही?’

‘सांगून? बहिऱ्याकडं गाडी कोण लावतो?’ तो म्हणाला. ‘तुम लोगों को वो इष्टाइल लगी. मी म्हटलं, लगने दो.’

हे सगळं छापू का, असं मी परवा त्याला विचारलं. ‘लिख,’ म्हणाला, ‘मगर जोर से लिख.’

त्या दिवशी मला वाटलं, संजीवनी आता गाडी दुसरीकडं नेईल. तिनं न्यायला हवी, असं मी तिला बाजूला घेऊन सांगितलंसुद्धा. तिनं हातातलं पुसायचं फडकं बाकावर टाकलं. मग हमीदभाईसमोर उकिडवी बसली, त्याला तोंड दिसेल अशी, आणि म्हणाली, ‘उस्ताद, कान माझे घ्या. हात तुमचे असू द्या.’

नवा पिस्टन टाकला. दम थोडा उतरवायला हेडखाली जाड गॅस्केट घातलं. जास्त पेट्रोल यावं म्हणून जेट मोठा केला. राहिली ठिणगीची वेळ, आणि ती चढावर, ओझ्यानिशीच लावायला हवी होती. म्हणून आम्ही सकाळी दौलताबादच्या घाटाकडं गेलो. हमीदभाई तिच्या मागं बसला, तेवढंच इंजिनावर वजन. ठरलं असं, की नॉकिंग ऐकू आलं की तिनं डावं कोपर मागं नेऊन त्याच्या पोटाला टोचायचं. मी पायथ्याशी चहाच्या टपरीवर पाने-पक्कड घेऊन बसलो.

ती दोघं वर जायची, परत यायची. हमीदभाई उतरायचा, ठिणगीची वेळ ठरवणारी प्लेट केसभर मागं सरकवायचा, पुन्हा बसायचा. परत आल्यावर मी तिच्याकडं बघायचो, ती मान हलवायची, नाय, अजून हाय. मग एका फेरीला ती दोघं खाली आली तेव्हा तो दोन्ही हातांनी पोट धरून होता. मला वाटलं लागलं बिगलं. तर म्हातारा हसत होता.

‘पूरा घाट गया,’ तो म्हणाला, ‘कोपर नहीं लगा.’

मग त्यानं गाडी उभ्यानं चालू ठेवायला सांगितली. डिसमिस काढला, दाताकडं नेला, आणि तसाच खिशात परत ठेवला. संजीवनीला म्हणाला, ‘तू सांग. कशी वाजते?’

तिनं थोडा विचार केला. ‘आमच्या विहिरीवर जुनं ऑइल इंजिन व्हतं ना, तशी. ठुक, ठुक करती, मधीच थांबून दम घेती, मंग परत ठुक.’

शर्यतीचा कॅम सावकाश फिरताना अगदी असाच अडखळतो. हमीदभाईनं समाधानानं मान डोलावली. गाडी त्यानं जुळवली होती, आणि तिचा आवाज त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागला.

शर्यतीत ती चौथी आली. एका वळणावर तिनं ब्रेक उशिरा लावला, चूक तिचीच होती आणि ती तिनं मान्यही केली. पुण्याचं बोलावणं आलं नाही. हेल्मेट काढल्यावर ती डोळे पुसत होती, पण दोन पायांवर उभी राहून पुसत होती, आणि इंजिन शेवटच्या फेरीपर्यंत साफ होतं. हे मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि या वेळी तोंडानं न सांगता दर फेरीला हमीदभाईच्या पाठीवर थाप मारून त्याला कळवत होतो.

परत येताना टेम्पोत मागं गाडी बांधलेली, संजीवनी पुढं ड्रायव्हरशेजारी, आणि आम्ही दोघं म्हातारे गाडीला धरून मागं बसलेलो. मधेच हमीदभाईनं माझ्याकडं वळून विचारलं, ‘दिगू, सच बोल. मैं बात करते वक्त चिल्लाता हूँ क्या?’

गर्व चढला म्हणून त्याच्या दुकानावरून तोंड फिरवून जाणारी गल्ली मला आठवली. अनुत्तरित राहिलेले सलाम आठवले. चहावाला त्याच्याकडं जायचं टाळायचा, तेही आठवलं.

‘नाही रे,’ मी म्हणालो.

‘क्या?’

‘नाही,’ मी जीव खाऊन ओरडलो, ‘अजिबात नाही.’